भाड्याचे घर आणि दिव्याचा हिशेब

भुसावळाहून वरणगावच्या रस्त्यास लागले म्हणजे थोड्याच वेळात उंच धुरांडी दिसू लागतात. तेच दीपनगर. तापीचे पाणी आणि आगगाडीने येणारा दगडी कोळसा यांच्या बळावर येथे वीज निर्माण होते. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने हे केंद्र उभारले. पुढे २००५ साली त्या मंडळाची विभागणी झाली आणि वीज निर्माण करणारी कंपनी निराळी, ती दूरवर वाहून नेणारी निराळी व घरोघर वाटणारी निराळी, अशी व्यवस्था आली. त्यामुळे धुरांड्याच्या सावलीत भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या खोलीत जो दिवा लागतो, तो शेजारच्या केंद्राच्या ओळखीने लागत नाही; नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाप्रमाणे त्यालाही महावितरणचेच देयक भरावे लागते. दिव्याखाली अंधार ही म्हण या गावाइतकी दुसऱ्या कोणत्या गावास शोभेल, हे सांगणे कठीण आहे.

केंद्राची स्वतःची वसाहत आहे. परंतु कंत्राटावर काम करणारे कारागीर, दुकानदार, शिक्षक अशी पुष्कळ मंडळी आसपासच्या गावांतून आणि भुसावळ शहरातून भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. यंत्रावर काम करणारा तरुण, त्याची पत्नी व दोन मुले. दोन खोल्यांचे भाडे महिना ५००० रुपये. घराचे मालक वृद्ध असून सर्वजण त्यांना नाना म्हणतात. इमारतीत चार बिऱ्हाडे, वीजमीटर एक, आणि प्रत्येक दाराशी नानांनी स्वतः बसविलेला लहान मीटर. हिवाळा सुखाने गेला. मग खानदेशचा वैशाख आला. भुसावळचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला कूलर ही चैनीची वस्तू आहे असे कोणी सांगू नये. दिवसरात्र कूलर चालला, आणि महिनाअखेर नानांचा नातू एक चिठ्ठी देऊन गेला. तीत पुढीलप्रमाणे मजकूर होता: वीज १४० युनिट, दर १४ रुपये, एकूण १९६०, मोटर व जिन्याचा दिवा ३००, पाण्याचा टँकर ४००, ठेवीचा फरक ९००, देखभाल व घरपट्टी ५४०. बेरीज ४१००. खाली एक ओळ होती: सोमवारपर्यंत रक्कम न आल्यास तार काढण्यात येईल.

भाड्याच्या जोडीला जवळजवळ दुसरे भाडेच उभे राहिलेले पाहून त्या गृहिणीने जो पहिला प्रश्न विचारला, तो मोठा मार्मिक होता. ती म्हणाली, "नाना, जी वीज आम्ही जाळली तिचे पैसे आम्ही देऊच, पण ही ठेव कोणाच्या नावाने जमा होते, तेवढे सांगा." या एका प्रश्नात सर्व तंट्याची किल्ली आहे. एका चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिल्यामुळे पाचही रकमा एकाच जातीच्या आहेत असा भास होतो. वस्तुतः एक रक्कम उपभोगाची आहे, दुसरी सामाईक सोयीची, तिसरी अडचणीच्या काळातील खर्चाची, चौथी घरधन्याच्या नावे शिल्लक राहणारी आणि पाचवी घराच्या मालकीतून उद्भवणारी. प्रत्येकीचा धनी वेगळा आहे.

प्रथम विजेचा आकडा घ्यावा, कारण तोच सर्वांत फसवा आहे. महावितरणच्या देयकावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क असे निरनिराळे रकाने असतात. यांपैकी स्थिर आकार विजेचा वापर कमीअधिक झाला तरी द्यावाच लागतो, आणि घरगुती ग्राहकास वीज शुल्क शेकडा १६ पडते. पण खरी मेख आहे ती टप्प्यांची. घरगुती विजेचे दर पहिल्या १०० युनिटांस एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा, असे चढत जातात. अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट झालेला आहे. थोडी वीज वापरणाऱ्या गरिबास ती स्वस्त पडावी, हा या योजनेचा हेतू. तो हेतू एका मीटरवर चार बिऱ्हाडे बसली की नेमका उलटा होतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून शुल्कासह पहिल्या टप्प्याचा दर ६ रुपये, दुसऱ्याचा १२, तिसऱ्याचा १६ व चौथ्याचा १८ धरावा. खरे दर वेळोवेळी बदलतात, ते देयकावर छापलेले असतात. चार बिऱ्हाडांचे प्रत्येकी १४० मिळून ५६० युनिट, आणि मोटर व जिन्याचा दिवा यांचे ४०, असे मुख्य मीटरवर ६०० युनिट झाले. पहिल्या १०० चे ६००, पुढील २०० चे २४००, त्यापुढील २०० चे ३२०० आणि शेवटच्या १०० चे १८०० रुपये. म्हणजे स्थिर आकार सोडून देयक ८००० रुपयांचे. चार घरांत समान वाटले तर प्रत्येकी २०००, आणि त्यात मोटर व जिन्याचा दिवाही आला. नानांच्या चिठ्ठीत मात्र वीज १९६० व मोटर ३०० मिळून २२६० रुपये लावलेले आहेत. म्हणजे प्रत्येक घरामागे २६० रुपये अधिक. यातून स्थिर आकार भागतो, असे नाना म्हणतील, आणि काही अंशी ते खरेही ठरेल. परंतु एकाच मीटरचा स्थिर आकार चौघांत वाटल्यावर इतका होत नाही.

आता याच कुटुंबाचा स्वतंत्र मीटर असता तर काय झाले असते? १०० युनिटांचे ६०० आणि ४० युनिटांचे ४८०, मिळून १०८०. सामाईक मोटर व दिव्याच्या ४० युनिटांसाठी निराळा मीटर ठेवला, तर त्याचे २४०, म्हणजे घरामागे ६०. एकूण ११४० रुपये. स्वतंत्र मीटरचा स्वतंत्र स्थिर आकार त्यात मिळवावा लागेल, हे खरे. तरीसुद्धा ध्यानात येण्यासारखी गोष्ट ही की नानांच्या ढोबळ हिशेबामुळे या कुटुंबाचे २६० रुपये जातात, आणि सामाईक मीटरमुळे ८६० जातात. चार बिऱ्हाडांची मिळून ही दुसरी रक्कम ३४४० होते, आणि ती नानांच्याही पदरात पडत नाही. भाडेकरू नानांवर संतापतो, नाना भाडेकरूवर. आणि चढत्या टप्प्याकडे दोघांचेही लक्ष जात नाही. झालेला खर्च वाटून घेणे निराळे आणि नफा ठेवून वीज विकणे निराळे, कारण विजेच्या व्यापारास कायद्याने परवाना लागतो, हे नानांनी जाणून घ्यावे. परंतु त्यांना लबाड ठरविण्यापूर्वी मुख्य मीटरचे देयक डोळ्यांखालून घालणे हे भाडेकरूचेही कर्तव्य आहे. त्या देयकावर मागील व चालू वाचन, एकूण वापर आणि थकबाकी ही सर्व माहिती असते. ते दाखविण्यास घरमालकाने नकार द्यावा, असे काही त्यात गुप्त नसते.

मग स्वतंत्र मीटर का घेऊ नये? येथे घरमालकाच्या मनातील भीती आड येते. मीटर भाडेकरूच्या नावाने झाला की उद्या तो घरच आपले म्हणेल, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि म्हणून ते संमतिपत्र देत नाहीत. वास्तविक विजेचे देयक हा मालकीचा दाखला नव्हे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे जागेचा मालक किंवा तेथे राहणारा, यांपैकी कोणीही अर्ज केला तरी वीज कंपनीने सामान्यतः एका महिन्याच्या आत पुरवठा द्यावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका प्रकरणात असे स्पष्ट सांगितले की वीज ही मूलभूत गरज असून घरमालकाने संमती नाकारली एवढ्याच कारणावरून ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, इतकेच वीज कंपनीने पाहावयाचे. चार बिऱ्हाडांच्या इमारतीत नव्या तारा ओढण्याचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न उरतोच. पण वर्षाकाठी वाचणारा पैसा पाहता तो चौघांनी व नानांनी मिळून सोडविण्याजोगा आहे.

आता त्या गृहिणीच्या प्रश्नाकडे वळावे. ठेवीचा फरक म्हणजे काय? वीज कंपनी ग्राहकाकडून सुरक्षा ठेव घेते. ग्राहकाने देयक बुडविले तर ते तीतून वसूल करता यावे, हा तिचा उद्देश. ठेवीची रक्कम ग्राहकाच्या सरासरी देयकावर ठरते. म्हणून वापर किंवा दर वाढले की कंपनी अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे निराळे देयक पाठविते. हे देयक नेहमीच्या देयकासारखेच दिसत असल्याने पुष्कळ भाडेकरू ते महिन्याचा खर्च समजून भरून मोकळे होतात. परंतु ही रक्कम खर्च होत नाही. ती ज्याच्या नावे जोडणी आहे त्याच्या खाती जमा राहते, तिजवर कंपनीस व्याज द्यावे लागते, आणि जोडणी बंद झाल्यावर ती त्यालाच परत मिळते. सारांश, भाडेकरूने ९०० रुपये भरले तर त्याने नानांस बिनव्याजी कर्ज दिले, आणि व्याज नानांच्या खाती पडले. भाडेकरूने ही रक्कम भरावयाचीच असेल, तर "ठेवीपोटी" असा शब्द घालून पावती घ्यावी आणि घर सोडताना अनामतीबरोबर ती परत मागावी. त्याने ती न भरणे अधिक रास्त.

पाण्याच्या बाबतीत असा काटेकोर नियम सांगता येत नाही. मोटरने विंधन विहिरीचे पाणी टाकीत चढविले तर तो खर्च विजेचा, आणि तो वर हिशेबात आलाच आहे. टँकर मात्र उन्हाळ्यातील संकट आहे. कूलर विजेइतकेच पाणीही पितो, हे दोन्ही पक्षांनी आठवावे. करारात भाड्यात पाणी धरले आहे असे लिहिले असेल, तर टँकरचा भार घरमालकाचा. करार मौन धारण करून असेल, तर टँकरवाल्याची पावती पाहून चौघांनी व नानांनी पाच वाटे करावेत, हे शहाणपणाचे. पावतीवाचून सांगितलेला आकडा मात्र कोणी मानू नये.

देखभाल व घरपट्टी हा पाचवा रकाना जळगाव व धुळे येथील नव्या सदनिकांत राहणाऱ्यांस विशेष जाचतो, कारण तेथे घरमालकाखेरीज गृहनिर्माण संस्था हा तिसरा पक्ष असतो. संस्थेच्या मासिक देयकातही पुन्हा निरनिराळ्या जातीच्या रकमा एकत्र नांदतात. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे उद्वाहन, पहारा, सफाई यांसारख्या सेवांचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा बसतो. पाण्याचा आकार नळजोडांच्या संख्येवर व आकारावर ठरतो. इमारतीच्या दुरुस्ती-देखभालीचा निधी आणि सिंकिंग फंड हे बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणात काढतात. पहिल्या दोन रकमा राहणाऱ्याच्या सुखसोयीच्या आहेत व करारात लिहून त्याजकडून घेणे योग्य ठरेल. पण सिंकिंग फंड हा इमारतीच्या भविष्याचा पैसा आहे. अकरा महिन्यांनी निघून जाणाऱ्या माणसाने वीस वर्षांनंतरच्या जीर्णोद्धाराची वर्गणी का द्यावी? १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली जेथे मालकांचा संघ असतो, तेथे खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते. तेथेही मालकीचा भार मालकाचाच, हा न्याय बदलत नाही.

याच देयकात बिनभोगवटा शुल्क नावाचे एक विचित्र नाव आढळते. सदस्य स्वतः न राहता घर भाड्याने देतो, म्हणून संस्था त्याजवर हे शुल्क बसविते. मुंबईतील संस्था एके काळी ते मनास येईल तसे आकारीत. १ ऑगस्ट २००१ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून हे शुल्क सेवा शुल्काच्या शेकडा १० पेक्षा अधिक असू नये, असा निर्बंध घातला. मॉन्ट ब्लँक नावाच्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात हा निर्बंध मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि २००७ साली न्यायालयाने तो उचलून धरला. म्हणजे सेवा शुल्क १००० रुपये असेल तर हे शुल्क १०० रुपयांपर्यंत. शुल्काचे कारण सदस्याने घर भाड्याने देणे हे असल्यामुळे ते द्यावयाचे सदस्याने. भाडेकरूच्या चिठ्ठीत ते आढळल्यास त्याने कराराचा कागद दाखविण्यास सांगावे. घरपट्टीचे तसेच. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने संरक्षित अशा जुन्या भाडेकरूंचे नियम निराळे आहेत. पण आजच्या अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने, करारात लिहिले नसेल तर, घरपट्टीची वाढ आपली मानण्याचे कारण नाही.

कागदाचा वारंवार उल्लेख होत आहे, तो उगाच नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबई इलाख्यात भाड्याच्या वाढीस आळा घालणारा कायदा प्रथम झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा प्रसिद्ध भाडे कायदा आला, आणि त्याची जागा पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे घर भाड्याने द्यावयाचे असो की लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने द्यावयाचे असो, करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी घरमालकावर आहे. तसा नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानावयाचे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर घाईने सह्या करून पेटीत ठेवलेल्या कागदावर विसंबणाऱ्या घरमालकांस हे कलम ठाऊक नसते. नानांचा करार असा असेल, तर देखभालीचे ५४० रुपये मागताना त्यांची बाजू फार दुबळी ठरते. मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या शहरांस व गावांस लागू होतो. लहान गावातील भाडेकरूने आपले गाव त्यात आहे की नाही, हे प्रथम पाहून घ्यावे.

राहिली तार काढण्याची धमकी. याच कायद्याच्या २९ व्या कलमाने, रास्त व पुरेशा कारणावाचून भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास घरमालकास मनाई केली आहे. पाणी, वीज, उद्वाहन आणि सफाई यांबरोबरच बोळातील व जिन्यावरील दिवेही त्या कलमात आवर्जून नमूद आहेत. जुन्या चाळींतील अंधारे जिने ज्यांनी चढले आहेत, त्यांना त्या शब्दांचे मोल कळेल. पुरवठा तोडल्यास न्यायालय तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम देते, आणि हुकूम न पाळल्यास दर दिवसास दंड होतो. लायसन्सवर राहणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, म्हणून त्यास या कलमावर सर्वस्वी विसंबता येणार नाही. त्याने आपल्या कराराच्या आधारे दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागावा. खुद्द वीज कंपनीसही थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वी पुरते पंधरा दिवस मुदतीची लेखी नोटीस द्यावी लागते. जो अधिकार कंपनीस नोटिशीवाचून नाही, तो घरमालकाने सोमवारचा वार नेमून वापरावा, हे कोणत्याही न्यायाने बसत नाही. घरी आजारी किंवा तान्हे मूल असले, तर मे महिन्यात ही गोष्ट केवळ पैशाची राहत नाही. मीटरच चुकीचे धावत असेल, तर मात्र वाद घरमालकाशी नसून कंपनीशी आहे. त्यासाठी कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी निराळी वाट आहे.

दुसऱ्या देशांतही हा तंटा आहेच. जर्मनीत घरखर्चाचा वार्षिक हिशेब घरमालकाने वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भाडेकरूच्या हाती द्यावा लागतो. विलंब त्याच्या दोषाने झाला, तर वाढीव रकमेवरचा हक्क तो गमावतो. आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीचा फरक घर सोडण्याच्या दिवशी अनामतीतून कापला जातो, तेव्हा त्या नियमाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

नानांची बाजूही अगदीच रिकामी नाही. देयकाची मुदत ठरलेली असते. चारही बिऱ्हाडांकडून पैसे येवोत न येवोत, त्यांना ते भरावेच लागते. मागे एक भाडेकरू दोन महिन्यांची वीज बुडवून रातोरात निघून गेला असेल, तर त्यांनी दर रुपयाभराने चढविला यात नवल नाही. त्या जुन्या थकबाकीचा भार नव्या बिऱ्हाडावर टाकणे मात्र अन्याय्य आहे. २००५ साली झालेल्या वीज पुरवठा संहितेने जागेच्या नव्या मालकावर अथवा भोगवटादारावर उतरणारी जुनी बाकीही सहा महिन्यांच्या आकारापुरतीच मर्यादित केली होती, यावरून तो विचार कोणत्या दिशेचा आहे हे दिसते. म्हणून घरात पाऊल टाकण्यापूर्वी मुख्य मीटरचे व दाराच्या मीटरचे वाचन दोघांनी मिळून कागदावर उतरवावे आणि शेवटचे भरलेले देयक पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. ते संकोचामुळे राहते.

तर ती चिठ्ठी अशी उतरते. वीज व मोटर मिळून २०००, आणि स्थिर आकाराचा चौथा हिस्सा. टँकरचे चार घरांकडून ४०० प्रमाणे १६०० मागितले. पावती तेवढ्याचीच असेल, तर पाच वाट्यांप्रमाणे या कुटुंबाचे ३२०. ठेवीचे ९०० नानांनी स्वतः भरावयाचे. देखभाल व घरपट्टीचे ५४० करारात नाहीत, म्हणून नाहीत. ४१०० च्या जागी २३२० आणि वर थोडे स्थिर आकाराचे. हा हिशेब ओट्यावर बसून, देयक मध्ये ठेवून, सोमवारच्या आधी करावयाचा. आणि स्वतंत्र मीटरचे चार अर्ज त्याच बैठकीत लिहून घ्यावयाचे, कारण पुढचा वैशाख दूर नसतो.